आर्व, आणि आत्याची सही

भावाने पाठवलेला कागद तीन आठवडे माझ्या फोनमध्ये पडून होता, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. साताऱ्याचं घर बाबांच्या नावावर होतं. आई आधीच गेली होती, बाबा गेल्या वर्षी गेले. मागे राहिलो आम्ही दोघं. मी थोरली, इथे नेदरलँड्समध्ये फोरबर्गला, आणि धाकटा भाऊ पुण्याला. घर पाडून तिथे इमारत उभी करायची म्हणून एक बिल्डर मागे लागला होता आणि त्यासाठी भावाला सगळं एका नावावर हवं होतं. मी माझा हक्क सोडायचा, म्हणजे हेगच्या आपल्या दूतावासात जाऊन मुखत्यारपत्रावर सही करायची. पुढचं हक्कसोडपत्राचं तो तिकडे बघणार होता. मी शुक्रवारची वेळ घेतली होती आणि ऑफिसात रजाही टाकली होती.

नवऱ्याने एकदाच विचारलं, "नक्की ना?" मी फटकन म्हटलं, "माझं माहेर आहे ते, तुझं नाही." तो बिचारा डिशवॉशर लावत राहिला. पण माझं खरंच ठरलेलं होतं. आमच्यात बहिणी हक्क सोडतात. आत्यानेही सोडला होता. हक्क धरून ठेवला की माहेर सुटतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं तरी पाठ होतं. आणि एवढ्या लांब राहणाऱ्या बाईचं माहेर म्हणजे तरी काय, वर्षातून एकदा उघडणारं एक दार. ते दार उघडं राहावं म्हणून मी चार खोल्याच काय, काहीही सोडलं असतं.

मी इथल्याच कापेल नावाच्या गावात एका छोट्या कंपनीत काम करते. नवऱ्याच्या व्हिसावर आले, आठ वर्षं घर आणि मुलगा सांभाळला, मग हे मिळालं. वारसाहक्काचे फॉर्म भरायचं एक सॉफ्टवेअर आहे आमचं. ते उत्तरेकडच्या देशांत विकायचं ठरलं, आणि त्याची शब्दसूची माझ्याकडे आली. मला स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक यातलं एकही अक्षर येत नाही. माझं काम एवढंच की जो रकाना एका भाषेत आहे, तोच दुसऱ्या भाषेत आहे ना हे बघायचं, आणि शंका आली की तिचा पिच्छा सोडायचा नाही. चिवटपणा हा माझा एकमेव गुण आहे असं माझ्या सासूबाई म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

त्या आठवड्यात माझ्या वाट्याला एकच शब्द आला होता, आर्व. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, तिन्हीकडे वारसा म्हणजे आर्व. आइसलँडमध्ये त्याचं आर्वुर होतं. इथल्या डच लोकांचं एर्फेनिस हेही त्याचंच भावंड. इथवर सगळं सरळ होतं. डॅनिशमध्ये एक रकाना होता त्वांग्सआर्व, म्हणजे सक्तीचा वारसा, आणि तो वाचून मला हसूच आलं. आईबापांनी मृत्युपत्रात काहीही खरडलं तरी मुलांना, मुलगा असो की मुलगी, ठरावीक वाटा द्यावाच लागतो. मग स्वीडिशमध्ये एक जुना, आता वापरात नसलेला शब्द सापडला, सिस्टरलॉट, बहिणीचा वाटा. तो भावाच्या वाट्याच्या निम्मा असे, आणि हे शेकडो वर्षं चाललं. म्हटलं, चला, हेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मला बरं वाटलं. का बरं वाटलं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

मग या शब्दाचं मूळ शोधायला गेले आणि तिथे पहिला धक्का बसला. मला वाटलं होतं मुळाशी जमीन असेल, घर असेल, गुरंढोरं असतील. यातलं काहीही नव्हतं. आर्वच्या मुळाशी एक पोरकं मूल आहे. बाप मेला, मूल मागे राहिलं, आणि त्या मुलाकडे जे आलं ते आर्व. तेच मूळ ग्रीकमध्ये अनाथ या अर्थाने आहे, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते संस्कृतातलं, म्हणजे आपलंही, अर्भक तिथलंच. मी तो शब्द पडद्यावर रोमन अक्षरांत, रेघा-टिंबांसकट पाहिला आणि खुर्चीत मागे सरकले. मराठीत आता अर्भक कुठे भेटतं? वर्तमानपत्रात, कचराकुंडीजवळ. ते इथे कापेलमध्ये, वारशाच्या फॉर्ममध्ये काय करत होतं?

आइसलँडने तर कळस केला. तिथे कष्ट, हाल यांना एर्विदी म्हणतात, आणि तेही याच कुळातलं आहे असं मानतात, कारण पोरक्या मुलाच्या वाट्याला येतात ते कष्ट. अंत्यविधीनंतर लोकांना बोलावून खाऊपिऊ घालतात त्याला म्हणतात एर्विद्रिक्या, म्हणजे अक्षरशः वारशाचं पेय. एकाच घरात पोरकेपण, इस्टेट, राबणं आणि जेवण अशी चार भावंडं नांदत होती, आणि मी ती चार वेगवेगळ्या रकान्यांत बसवायला बघत होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक नॉर्वेची बाई बसते. साठीला आलेली, डच नवऱ्यामागे इकडे आली, नवरा सोडला पण देश राहिला. आम्ही इंग्रजीत बोलतो आणि चिडलो की डचमध्ये. बुधवारी दुपारच्या जेवणाला मी तिला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या जेवणाची गंमत माहीत आहे का तुला? जुन्या काळी बाप मेला की मोठी मेजवानी असायची. वारस बापाच्या आसनाच्या पायरीवर बसून राहायचा. सगळ्यांच्या देखत एक पेला त्याच्या हातात द्यायचे, तो प्यायला की मगच त्याला आसनावर बसवायचे. कागद नव्हते ना तेव्हा. जेवण हाच कागद."

"आणि मुली?"

"मुली असणार स्वयंपाकघरात." ती ब्रेडवर चीजची चकती ठेवत होती. "आमच्याकडे एक खूप जुनी शिळा आहे, तिच्यावर तीन मुलींचा उल्लेख आहे. त्यांनी बापाच्या मागे काय केलं यावर विद्वान अजून भांडतायत. कुणी म्हणतं वारसा वाटून घेतला, कुणी म्हणतं जेवण घातलं."

इथे मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हटलं, आमच्याकडे याहून सुंदर रीत आहे. आमच्याकडे बहीण आपणहून हक्क सोडते, आणि भाऊ तिला साडी देतो, गोडाचं जेवण घालतो. मी स्वतः नऊ वर्षांची असताना माझ्या आत्याच्या वेळी पाहिलंय. साडी तर मीच दिली तिला, या हातांनी. आणि परवा मी स्वतः सही करणार आहे.

हे मी अभिमानाने सांगितलं. हे लिहिताना माझे कान गरम होतायत, पण खरं तेच आहे.

तिने चावायचं थांबवलं. "आणि आत्या काय म्हणाली?"

"कधी?"

"सही करायला सांगितली तेव्हा."

 मला बाकी सगळं आठवत होतं. त्या उन्हाळ्यात आजोबा गेले होते. भाऊबीजेला आत्या कराडहून आली ती नेहमीच्या पिशवीऐवजी ट्रंक घेऊन, आणि लाकडी पेटीतलं तिचं हातमशीनसुद्धा तिने एस्टीच्या टपावरून आणलं. मला वाटलं माझा फ्रॉक शिवायला आणलं, आणि शिवलाही तिने, पिवळा, झालरीचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माजघरात कागद वाचून दाखवले. वाचून झाल्यावर आत्या उठून मागच्या पडवीत जाऊन बसली. मग आईने माझ्या हातात ताट दिलं. त्यात जांभळी साडी, पेढे, आणि बाबांचं शाईचं पेन. "जा, आत्याला दे. तुझं ऐकेल ती." मी गेले. आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आत आली, सही केली. नंतर रिक्षाने सगळे कचेरीत गेले, मग घरी बासुंदी-पुरी. बाबा मला म्हणाले, "शहाणी गं माझी बाय." चार दिवसांनी आत्या ट्रंक आणि मशीन घेऊन परत कराडला गेली. हे सगळं मी आयुष्यभर मिरवलं होतं. फक्त आत्या काय म्हणाली, ते आठवत नव्हतं. कारण ती काही म्हणालीच नव्हती.

"विचार की तिला," नॉर्वेची बाई म्हणाली. "आहे ना अजून?"

आहे. सत्तरी ओलांडली आहे, कराडला भाड्याच्या एका खोलीत राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ते बंद. मी दिवाळीला फोन करते तेवढाच. मी ऑफिसच्या मागे, जिथे सायकली लावतात तिथे गेले आणि फोन लावला.

"अगो बाई," आत्या म्हणाली, "आज काय दिवाळी आहे?"

थोडं इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "आत्या, ते साताऱ्याच्या घराचे कागद... तू सही केलीस तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आज बरं आठवलं तुला."

"सांग ना."

"विचारायचं काय असतं त्यात. कागद तयारच होता." ती थांबली. "मी नाही म्हणणार होते."

मी सायकलचं हँडल धरलं. कुणाची सायकल होती तेही पाहिलं नाही.

"मोरीजवळची मागची खोली मागणार होते मी. एवढीशी तर होती. माझी खाट आणि मशीन, दोन्ही मावलं असतं. मशीन आणलंच होतं ना मी. राहायलाच आले होते गं. सासरी कोण ठेवून घेतंय, हे गेल्यावर? भाऊबीजेला ओवाळलं आणि तुझ्या बाबांना म्हटलं, दादा, ओवाळणी नको, तेवढी खोली दे. तो काही बोलला नाही. सकाळी कागद काढले. मी उठून पडवीत गेले. म्हटलं आता दादा येईल, नाहीतर वहिनी येईल, जो येईल त्याला तोंडावर सांगायचं, सही करणार नाही. अगदी ठरवून बसले होते. आणि आलीस तू."

"मी..."

"नवा फ्रॉक घालून. ताट असं दोन्ही हातांत धरून, जपून जपून, पेढा पडेल म्हणून. म्हणालीस, आत्या, सही कर ना, मग आपल्याला बासुंदी मिळेल. आता तुला काय नाही म्हणायचं मी?"

 मी तिथेच ओल्या फरशीवर खाली बसले. आईबाबांना माहीत होतं. आत्याला मूल नव्हतं आणि मी म्हणजे तिचा जीव की प्राण, हे सगळ्या घराला माहीत होतं, म्हणूनच ताट माझ्या हातात दिलं होतं. तुझं ऐकेल ती. तेहतीस वर्षं मी हे वाक्य कौतुक म्हणून जपलं होतं. माझे आईवडील वाईट नव्हते. शेजारच्यांच्या आजारपणात रात्रंदिवस धावणारी माणसं होती ती. त्यांनी हे केलं होतं, आणि माझ्याकडून करवून घेतलं होतं.

"तुला बोल नाही लावत हो," आत्या म्हणत होती. "नऊ वर्षांचं पोर ते. रडतेस काय?"

"नाही. ती साडी नेसलीस का गं कधी?"

"साडी होय? अस्तर लावलं तिचं. लोकांच्या ब्लाउजांना. चांगलं कापड होतं, पाच-सहा ब्लाउज निघाले." मग जरा वेळाने, "तुझी वेळ आली वाटतं. करून टाक सही. माहेर राहतं त्याने."

"तुझं राहिलं?"

"राहिलं की. भाऊबीजेला येत होते ना दर वर्षी? जेवून जात होते."

मी आत गेले. नॉर्वेच्या बाईने माझं तोंड पाहिलं आणि कॉफी आणून ठेवली. मी तशीच शब्दसूचीपुढे बसले. आर्वचा रकाना उघडाच होता. एरवी मी संध्याकाळपर्यंत चार नोंदी पुऱ्या करते, त्या दिवशी एकही झाली नाही. सारखं एकच डोक्यात येत होतं, जेवून जात होते. पाहुणी येते तशी. आणि शुक्रवारी मीही तेच विकत घेणार होते, वर्षातून एकदा जेवून जायचं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू सही केलीस तर तिच्या खोलीवरही दुसऱ्यांदा सही होईल." माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. आजोबांचं घर बाबांकडे आलं ते आत्याच्या सहीमुळे. माझा हक्क म्हणून मी जो सोडायला निघाले होते, त्यात आत्याचीही खोली होती. ती माझी नव्हती, मग ती सोडणारी मी कोण? मला स्वतःचा इतका राग आला की मुलाने डचमध्ये काहीतरी विचारलं त्याला मी उगाचच ओरडले. तो "मी काय केलं?" म्हणून माझ्याकडे बघत राहिला. खरंच होतं त्याचं.

भावाला कसं सांगायचं ते कळेना. तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. आत्याने सही केली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो माणूस म्हणून चांगला आहे, बाबांचं सगळं आजारपण एकट्याने काढलं त्याने. मी नाही म्हटलं की काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. तो भांडणार नाही. फक्त फोन कमी होतील, मग सणापुरते उरतील, मग पुढच्या उन्हाळ्यात, ताई, आम्ही जरा बाहेर जातोय तेव्हा, असं होईल. त्याची भीती मला खरी होती. गुरुवारी दुपारपर्यंत मी सहीला जाणारही होते आणि जाणारही नव्हते.

गुरुवारी घरून काम होतं. चारच्या सुमाराला भावाचा व्हिडिओ कॉल आला. उचलला, तर पडद्यावर भाची. नऊ वर्षांची, समोरचे दोन दात मोठे दिसणारी, माझ्यावर जीव टाकणारी माझी भाची. तिच्या दोन्ही हातांवर आडवी धरलेली पैठणी होती, जांभळी, घडी मोडू नये म्हणून अगदी जपून.

"आत्या, बघ! मी चूज केली! बाबा म्हणाला तू उद्या साइन केलंस की कुरिअर करायची. करशील ना? प्लीज, आत्या?"

मी त्या दोन हातांकडे बघत राहिले.  फोन धरणाऱ्या भावाची नुसती बाही दिसत होती कडेला. त्याला हे कुणी शिकवलं? त्याने ते ताट पाहिलं असेल तरी त्याला आठवत नाही. आई नाही, बाबा नाहीत, त्याला कुणी काही सांगितलेलं नाही, आणि तरीही त्याने बरोबर तेच केलं होतं, तितकंच सहज, आणि बहुधा तितक्याच प्रेमाने. घराच्या आधी हे त्याच्याकडे आलं होतं. आर्वच्या मुळाशी एक मूल असतं हे मी सोमवारी वाचलं होतं. ते मूल ताट धरून उभं असतं, हे मला आत्ता दिसलं.

"आत्या, आवडली नाही का?" भाचीचं तोंड उतरायला लागलं होतं.

"खूप सुंदर आहे," मी म्हटलं. "तुझी निवडच छान. पण ती आता खाली ठेव, सोन्या, हात दुखतील. आणि तू खेळायला जा. बाबाला फोन दे."

ती गेली. पडद्यावर छत फिरलं, मग भावाचा चेहरा आला, हसरा. "बोल ताई. उद्या किती वाजताची आहे अपॉइंटमेंट?"

"मी जाणार नाहीये," मी म्हटलं.  "सही मी करीन. पण आधी नव्या इमारतीत आपल्या कराडच्या आत्याच्या नावावर एक खोली हवी. तिच्या नावावर, कागदावर. तोवर नाही."

तो हसायचा थांबला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

"आत्याचा यात काय संबंध?" तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून बसले, आणि त्याला एस्टीच्या टपावरून आलेल्या शिवणयंत्रापासून सांगायला लागले.